चोरीची शिक्षा चित्रपटाला कशाला?

हिंदी असो वा मराठी, एखाद्या मोठ्या चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख जवळ आली की कुठून तरी एक लेखक पुढे येतो आणि ही कथा माझी आहे असे सांगतो. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, चोरी ती चोरी, चित्रपट बंदच केला पाहिजे. दुसरा म्हणतो, कल्पना कोणाच्या मालकीच्या नसतात, हे सगळे प्रसिद्धीसाठी चालले आहे. या वादातली बहुतेक मते चित्रपटही न पाहता आणि मूळ लिखाणही न वाचता दिली जातात, हा भाग सोडून देऊ. माझी खरी तक्रार वेगळी आहे. चोरी झाली की नाही, एवढाच प्रश्न आहे असे दोन्ही बाजू गृहीत धरतात आणि चोरी सिद्ध झाली तर पुढे काय करायचे, याचा विचार कोणीच करत नाही. तो प्रश्न जणू आधीच सुटला आहे: चोरी ठरली की चित्रपट पेटीत बंद.

माझे म्हणणे असे आहे की लेखकाची कथा उचलली गेली असेल तर त्याला पैसा मिळाला पाहिजे, भरपूर मिळाला पाहिजे, आणि त्याचे नाव पडद्यावर आले पाहिजे. पण एकदा लोकांसमोर आलेला चित्रपट लोकांपासून काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नसावा. लेखकाला नाही, निर्मात्याला नाही आणि न्यायालयालाही नाही. हे अमूर्त वाटू नये म्हणून समुद्रावर घडणाऱ्या एका जुन्या गुन्हेपटाचे उदाहरण घेतो, कारण त्याचे जे झाले ते या प्रश्नाच्या सगळ्या बाजू उघड्या करते.

‘द घोस्ट शिप’ हा आरकेओ स्टुडिओचा चित्रपट डिसेंबर १९४३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. निर्माता व्हॅल लेव्टन, दिग्दर्शक मार्क रॉबसन, छायालेखक निकोलस मुसुराका. लांबी जेमतेम ६९ मिनिटांची, पैसा बेताचा आणि जहाजही आधीच्या एका चित्रपटासाठी उभारलेल्या सेटवरचे. नावात भूत असले तरी चित्रपटात भूत नाही. लेव्टनला स्टुडिओकडून भयपटाला शोभणारी शीर्षके मिळत आणि त्यांच्याखाली तो आपल्याला हवे ते करून घेत असे. ‘अल्टेअर’ नावाच्या मालवाहू जहाजावर टॉम मेरियम हा तरुण थर्ड ऑफिसर म्हणून रुजू होतो. कप्तान स्टोन त्याला मुलासारखा वागवतो, अधिकार म्हणजे काय ते शिकवतो. मेरियम एका पतंगाला मारायला जातो तेव्हा कप्तान त्याला अडवतो. त्याचे तर्कट असे की पतंगाची सुरक्षितता तुझ्यावर अवलंबून नाही, म्हणून त्याला मारण्याचा हक्कही तुला नाही. खलाशांची सुरक्षितता मात्र माझ्यावर अवलंबून आहे, तेव्हा त्यांच्या जीवनमरणाचा हक्क माझा. इतके नीट बेतलेले वेडेपण पडद्यावर क्वचितच आले असेल.

या चित्रपटातला एक प्रसंग इथे तपशिलाने सांगतो. लुई नावाचा खलाशी कप्तानाला जरा मोकळेपणाने सुनावतो की माणसे कमी आहेत, बंदरावर आणखी घ्यायला हवी होती. कप्तान शांतपणे उत्तर देतो की एखाद्या कप्तानाने ही गोष्ट मनात धरली असती. त्यानंतर नांगर वर घेतला जात असताना लुई खाली साखळीच्या कोठडीत आहे. यंत्र साखळी ओढते आहे, मनगटाहून जाड कड्या वरून धडधडत खाली येऊन वेटोळी घालत आहेत आणि त्या नीट रचायचे काम लुईचे आहे. कप्तान येतो, उघड्या दाराकडे पाहतो आणि ते लावून घेतो. बस्स, एवढेच. धमकी नाही, हत्यार नाही, पार्श्वसंगीताचा आटापिटा नाही. लोखंडाच्या गडगडाटात आतल्या माणसाची हाक वर पोहोचत नाही आणि साखळी येतच राहते. वर काम करणाऱ्यांना काहीच कळत नाही. सत्ता कशी मारते, तर आपले काम करणाऱ्या इतरांच्या हातांनी, त्यांच्या नकळत, एक दार बंद करून. १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, आज्ञापालनाचे गोडवे गाणाऱ्या हॉलिवुडमध्ये हे चित्रित झाले होते.

मेरियम बंदरावर उतरल्यावर तक्रार करतो. चौकशी होते आणि सगळे खलाशी कप्तानाच्या बाजूने साक्ष देतात. त्यात खोटेपणा नाही, त्यांनी खरोखरच काही पाहिलेले नाही. एका आजारी खलाशावर रेडिओवरून मिळणाऱ्या सूचनांनुसार शस्त्रक्रिया करायची वेळ आली तेव्हा कप्तानाचे हात गोठले होते आणि सुरी मेरियमनेच चालवली होती. पण तेही त्याने सौजन्याने कोणाला सांगितलेले नाही. नियती त्याला पुन्हा त्याच जहाजावर आणून टाकते. कप्तान त्याला कोंडून ठेवत नाही. उलट हवे त्याला सांग, कोणाचा विश्वास बसतो ते पाहा, असे सुचवून मोकळा सोडतो. सत्य ठाऊक असलेला एकच माणूस आणि त्याचे न ऐकणारे संपूर्ण जहाज, ही या कथेची कळ आहे.

नेमक्या याच कळीवर दावा उभा राहिला. सॅम्युअल गोल्डिंग आणि नॉर्बर्ट फॉकनर या दोन लेखकांचे म्हणणे होते की त्यांनी एका नाटकाचे हस्तलिखित लेव्टनकडे दिले होते. त्यातही जहाजाचा कप्तान खुनी होता, एका माणसाला ते ठाऊक होते आणि कप्तानाच्या अधिकारापुढे त्याचे कोणी ऐकत नव्हते. चित्रपट लागून जेमतेम दोन महिने झाले होते. आरकेओने तो चित्रपटगृहांतून काढून घेतला. लेव्टनने आरोप नाकारला, पण ज्युरीने लेखकांच्या बाजूने २५,००० डॉलरचा निर्णय दिला आणि १९५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पुढच्याच वर्षी, मार्च १९५१ मध्ये, लेव्टन वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकाराने गेला. कप्तानाची भूमिका करणारा रिचर्ड डिक्स तर त्याआधीच, १९४९ मध्ये, वारला होता. चित्रपट जवळजवळ पन्नास वर्षे लोकांना नीटपणे पाहता आला नाही. १९९० च्या दशकात तो पुन्हा दिसू लागला आणि २००५ मध्ये लेव्टनच्या इतर चित्रपटांबरोबर डीव्हीडीवर आला. तोही कोणाला उपरती झाली म्हणून नव्हे, तर कॉपीराइटचे नूतनीकरण न झाल्यामुळे तो सर्वांना खुला झाला म्हणून.

आता कोणी म्हणेल की मुळात निकालच चुकला. तसे म्हणायला जागा आहे. जहाजावरचा निरंकुश अधिकारी आणि त्याच्याविरुद्ध न ऐकली जाणारी तक्रार, ही कोणा दोन नाटककारांची निर्मिती कशी म्हणावी? १८४२ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘सॉमर्स’ जहाजावर कप्तान मॅकेन्झी याने बंडाच्या संशयावरून तिघांना भर समुद्रात फासावर लटकवले. त्यांपैकी एक खुद्द अमेरिकेच्या युद्धमंत्र्याचा मुलगा होता. तरीही चौकशी आणि लष्करी न्यायालय या दोन्हींतून कप्तान निर्दोष सुटला. मंत्र्याला जिथे न्याय मिळत नाही तिथे थर्ड ऑफिसरचे काय? आपल्याकडे फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक तळावर संप पेटला, त्यामागेही निकृष्ट अन्नाच्या जोडीला वरिष्ठ अधिकाऱ्याची शिवराळ भाषा आणि तिच्याविषयीच्या तक्रारींना मिळालेली वागणूक होतीच. हा अनुभव समुद्राइतकाच जुना आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हीच दिशा धरली. त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट बेतला, असा त्यांचा दावा होता. दोन्हींत प्रांतवाद होता, पंजाबी आणि मद्रासी कुटुंबे होती. न्यायालयाने सांगितले की कल्पना, विषय, ऐतिहासिक किंवा पौराणिक प्रसंग यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, आणि दोन्ही कृती पाहणाऱ्याला ही नक्कलच आहे असे निःसंदिग्धपणे वाटले, तरच उल्लंघन. आनंद हरले.

पण मी या वाटेने जाणार नाही. कल्पना आणि मांडणी यांतली रेघ कागदावर जितकी ठळक दिसते तितकी ती प्रत्यक्षात नसते, आणि ‘कल्पना तर सगळ्यांचीच’ हे वाक्य आजवर सर्वाधिक सोयीचे कोणाला ठरले, तर हस्तलिखिते ठेवून घेऊन लेखकांना वाटेला लावणाऱ्यांना. तेव्हा गोल्डिंग आणि फॉकनर यांची कथा खरोखरच उचलली गेली होती, असे धरून चालू. तरीसुद्धा पन्नास वर्षांच्या अंधाराने त्यांना काय मिळाले? चित्रपट चालला असता, पुढे दूरचित्रवाणीला विकला गेला असता, तर त्या पैशातला वाटा त्यांना मागता आला असता. बंद पेटीतून वाटा निघत नाही. त्यांची नावे आज ज्या थोड्या लोकांना ठाऊक आहेत ती एका खटल्याचे वादी म्हणून. सत्तेविषयीच्या एका विलक्षण कल्पनेचे जनक म्हणून नव्हे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे आणि योगायोगाने त्यातही बोट आहे. १९३२ च्या ‘लेटी लिंटन’ या एमजीएम स्टुडिओच्या चित्रपटात जोन क्रॉफर्डची नायिका प्रियकराला टाळून दक्षिण अमेरिकेहून न्यूयॉर्कला निघते, प्रवासात बोटीवरच नव्या माणसाच्या प्रेमात पडते आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर जुन्या प्रियकराचा विषाने मृत्यू होतो. मूळ घटना १८५७ च्या ग्लासगोतली, मॅडलिन स्मिथ नावाच्या तरुणीवर चाललेल्या खटल्याची; ती सर्वांना खुली होती. पण एडवर्ड शेल्डन आणि मार्गारेट एअर बार्न्स यांनी त्या घटनेवरून ‘डिसऑनर्ड लेडी’ हे नाटक लिहिले होते, एमजीएमने त्याचे हक्क घेण्याची बोलणी केली होती, ती फिसकटल्यावर एका कादंबरीचे हक्क घेतले आणि चित्रपटात नाटकातले प्रसंगच्या प्रसंग उतरले. १९३६ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी स्पष्ट सांगितले की आपण किती चोरले नाही हे दाखवून कोणत्याही चोराची सुटका होत नाही. निकालाशी माझे भांडण नाही. तो अचूक होता.

त्यापुढचा भाग पाहण्यासारखा आहे. नफा कोणी किती घ्यायचा हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निव्वळ नफा ५,८७,००० डॉलरहून अधिक होता. तो सगळा लेखकांना द्यायचा का? १९४० च्या निकालात सरन्यायाधीश ह्यूज यांनी म्हटले, नाही. चित्रपट चालण्यात नटनट्यांचा, दिग्दर्शकाचा, तंत्रज्ञांचा आणि स्टुडिओच्या नावाचा वाटा आहे. जाणकार साक्षीदारांनी नाटकाचा वाटा पाच ते बारा टक्के धरला होता. शंकेचा फायदा लेखकांना देऊन न्यायालयाने वीस टक्के कायम केले. आता या दोन निर्णयांना शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पैशाचा हिशेब करताना कायद्याने मान्य केले की या कृतीचे ऐंशी टक्के मोल इतरांच्या कष्टाचे आहे. पण त्याच वादात चित्रपट दाखवण्यास मनाई हुकूम देताना मात्र शंभर टक्के चित्रपट कुलूपबंद झाला आणि आठ दशकांहून अधिक काळ तसाच राहिला. ज्या शिवणाऱ्यांनी क्रॉफर्डचे ते प्रसिद्ध झालरींच्या बाह्यांचे कपडे शिवले, ज्या कॅमेरामनने बोटीच्या डेकवरचा उजेड बसवला, त्यांनी कोणाची कोणती चोरी केली होती? वीस टक्क्यांच्या मालकाला शंभर टक्के दडपण्याचा हक्क कोणत्या न्यायाने मिळतो?

यावर सर्वांत वजनदार उत्तर असे आहे की मनाई हुकूम हे लेखकाच्या हातातले एकमेव हत्यार आहे. हे मी हलक्यात घेत नाही. एका बाजूला शेकडो कोटींचा निर्माता, त्याची वकिलांची फौज. दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहणारा लेखक, ज्याच्याकडे पुरावा म्हणून एक ईमेल आणि लेखक संघटनेत केलेली नोंदणी एवढेच आहे. नुकसानभरपाईचा दावा आपल्या न्यायालयांत किती वर्षे रेंगाळतो हे सांगायला नको. शुक्रवारी चित्रपट लागणार आणि गुरुवारी त्यावर स्थगिती येऊ शकते, या भीतीपोटीच निर्माता बोलणीला बसतो. ती भीती काढून घेतली तर निर्माता चोरीचा खर्चही अंदाजपत्रकात धरून मोकळा होईल, पैसे फेकले की झाले, असा हा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झी ही दूरचित्रवाणी कंपनी आणि सनडायल ही निर्मिती संस्था यांच्यातल्या खटल्यात विश्वासाने सांगितलेल्या मालिकेच्या संकल्पनेला संरक्षण देऊन मनाई हुकूम कायम ठेवला, तेव्हा अनेक लेखकांना पहिल्यांदा आपल्यामागे कोणी आहे असे वाटले असेल.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लोकांपुढे न आलेली कृती थोडा काळ थांबवणे निराळे आणि लोकांपुढे आलेली कृती कायमची पुसणे निराळे. पहिल्या प्रकाराला माझा विरोध नाही, लेखक वेळेवर आला असेल तर. टीझर आल्यापासून महिनोन्‌महिने गप्प बसून ऐन आदल्या दिवशी धावत येणाऱ्यांविषयी न्यायालये नाराजी व्यक्त करतात, ती योग्यच आहे. प्रदर्शनापूर्वी न्यायालयात अनामत रक्कम भरायला लावावी, वाद मिटेपर्यंत उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा वेगळा काढायला लावावा. निर्मात्याला टोचायचे असेल तर हे पुरेसे टोचते. एकरकमी भरपाईऐवजी नफ्यात चालू राहणारा वाटा द्यावा, म्हणजे ‘पैसे फेकले की झाले’ हे गणितच बसणार नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने पटकथाकार आणि गीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला आणि तो लिहून देण्यावरही बंधने घातली. म्हणजे चालू राहणारा वाटा ही कल्पना आपल्या कायद्याला नवीन नाही.

शिवाय दडपण्याचे हत्यार खरोखर दुबळ्याच्या हाती राहते का? ‘द घोस्ट शिप’ काढून घेतला तो स्टुडिओने. दावा लढत असतानाही तो चित्रपट लेखकांशी वाटा ठरवून चालवता आला असता. पण छोट्या चित्रपटाच्या कमाईसाठी कोण एवढी यातायात करतो? पेटीत टाकणे स्वस्त पडले. मोठ्या संस्थेकडे शेकडो चित्रपट असतात, त्यांतला एक गेला तरी तिचे काही अडत नाही. अडते ते त्यात काम केलेल्या माणसांचे, ज्यांच्या नावावर मोजकीच कामे असतात. लेव्टनच्या बाबतीत तर हे आणखी बोचते. अवघ्या काही वर्षांत, अगदी थोड्या पैशांत त्याने जे चित्रपट केले त्यांवरच त्याचे नाव उभे आहे, आणि त्यांतला एक पिढ्यान्‌पिढ्या केवळ ऐकीव राहिला.

दुसरा आक्षेप पैशाविषयीचा नाही, तो मानाविषयीचा आहे. लेखक म्हणेल, माझी कृती विकृत करून मांडली आहे, मला तुमचा वाटा नको, मला ती दिसायलाच नको आहे. मराठी वाचकाला हा आक्षेप कळायला हवा, कारण आपली रंगभूमी परक्या नाटकांच्या रूपांतरांवर वाढली आणि त्याच रंगभूमीने मूळ लेखकाचे ऋण मोकळेपणाने सांगण्याची रीतही काही प्रमाणात रुजवली. देवलांच्या ‘झुंझारराव’मागे शेक्सपिअर आहे हे सांगितल्याने देवल लहान झाले नाहीत. म्हणून श्रेय हा माझ्या मते या वादातला सगळ्यांत दुर्लक्षित उपाय आहे. न्यायालयाने आदेश द्यावा की चित्रपटाच्या प्रत्येक प्रतीच्या सुरुवातीला, शेवटी बारीक अक्षरांत नव्हे, ही कथा अमुक यांच्या लिखाणातून घेतली आहे आणि त्यांच्या परवानगीशिवाय घेतली आहे, असे वाक्य दिसले पाहिजे. निर्मात्याला याहून जास्त झोंबणारी शिक्षा मला सुचत नाही. आणि लेखकाचा मान त्यात राहतो. चित्रपट अदृश्य झाला तर अपमानही अदृश्य होतो, पण श्रेयही.

यापलीकडे ज्यांना ‘नष्टच करा’ असे वाटते, त्यांनी ‘नॉस्फेराटू’ची हकिकत आठवावी. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा हा मूकपट १९२२ चा. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून तो परवानगी न घेता बेतला होता, यात शंकाच नाही. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स स्टोकर हिने पाठपुरावा केला, निर्मिती संस्था दिवाळखोरीत गेली होती, त्यामुळे पैसा मिळण्याची आशा संपली आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. फ्लॉरेन्सबाईंची बाजू कायद्याने आणि नीतीनेही खरी होती. तरीही आज जगातल्या कोणत्याही चित्रपटशाळेत मूकपटांचा इतिहास या चित्रपटाशिवाय शिकवला जात नाही, आणि तो उरला तो परदेशांत विखुरलेल्या प्रतींमुळे. म्हणजे आदेश पूर्णपणे अमलात आला नाही म्हणून. ज्या आदेशाच्या अपयशाबद्दल सगळे जग आनंद मानते, तो आदेश योग्य होता असे कसे म्हणायचे? जुनी फिल्म ही कागदासारखी निमूटपणे पडून राहणारी वस्तू नव्हे. नायट्रेटची फिल्म सडते, भुगा होते, पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत अशा किती जुन्या भारतीय चित्रपटांची राख झाली हे पुणेकर विसरलेले नसतील. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आणि त्यावर तर कोणाचा मनाई हुकूमही नव्हता. ज्या चित्रपटातून एक पैसा मिळणार नाही त्याच्या डब्यांना थंड खोलीत ठेवण्याचा खर्च कोण करील? तात्पुरते बंद करणे आणि मरू देणे यांत, फिल्मच्या बाबतीत, फारसे अंतर नसते.

मी काही अशक्य मागतो आहे का? आपल्याच १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५९ पाहावे. एखाद्या वास्तुविशारदाचा आराखडा चोरून इमारत बांधायला घेतली, तर त्याला बांधकाम थांबवण्याचा किंवा इमारत पाडण्याचा हुकूम मिळत नाही. भरपाई मागता येते. का? कारण त्या इमारतीत सिमेंट दुसऱ्याचे आहे, घाम दुसऱ्याचा आहे, उद्या राहणारी माणसे तिसरीच आहेत, आणि एकाच्या हक्कासाठी हे सगळे जमीनदोस्त करणे समाजाच्या तोट्याचे आहे. हे तत्त्व विटांना लागू होते आणि चित्रपटाला होत नाही, याचे कारण मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार प्रकाशित झालेली कृती मालकाने अडवून लोकांपासून दूर ठेवली तर सक्तीचा परवाना मागता येतो. म्हणजे लोकांचाही कृतीशी काही संबंध असतो, हे आपल्या कायदेकर्त्यांनी कधीच मान्य केलेले आहे. फक्त चोरीच्या दाव्यात त्याचा विसर पडतो.

अमेरिकेतल्या न्यायालयांनाही हे उशिरा का होईना सुचले. हिचकॉकचा १९५४ चा ‘रिअर विंडो’ कॉर्नेल वुलरिचच्या ज्या कथेवर आहे, तिचे नूतनीकरणानंतरचे हक्क शेल्डन अबेंड नावाच्या साहित्य-एजंटने ६५० डॉलर आणि उत्पन्नातला काही हिस्सा देऊन घेतले आणि चित्रपटाच्या पुनर्प्रदर्शनावर दावा लावला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने उल्लंघन झाल्याचे मान्य केले, पण मनाई हुकूम द्यायला नकार दिला. हा चित्रपट कथाकाराखेरीज अनेक गुणी माणसांच्या एकत्रित कामातून घडला आहे आणि तो बंद केला तर नुकसान प्रेक्षकांचेही होईल, असे कारण दिले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अबेंडचा हक्क उचलून धरला. हक्क लेखकपक्षाचा, चित्रपट मात्र चालू. ‘द घोस्ट शिप’ आणि ‘लेटी लिंटन’च्या वेळी हाच विचार झाला असता तर कोणाचे काय बिघडले असते?

राहता राहिला एक मुद्दा, जो हल्ली हमखास ऐकू येतो: आता काही बंद करता येतच नाही, सगळे कुठे ना कुठे पाहायला मिळते. ‘लेटी लिंटन’ही मिळत होता, धुरकट, खरवडलेल्या, चोरट्या प्रतींत. त्या प्रती विकणाऱ्यांनी ना शेल्डन-बार्न्स यांच्या वारसांना काही दिले ना स्टुडिओला. चोरीला शिक्षा म्हणून घातलेल्या बंदीने नव्या चोरांचे दुकान चालवले, यापलीकडे त्या व्यवस्थेचे फलित नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि वाटा मागणाऱ्या प्रत्येक लेखकाला ती ठाऊक असते. वाटा ठरवायचा तर आधी नफा किती झाला ते कळले पाहिजे, आणि आपल्याकडचे निर्माते यश जाहीर करताना कोटींचे आकडे पोस्टरवर छापतात आणि हिस्सा द्यायची वेळ आली की चित्रपट तोट्यात गेल्याचे सांगतात. ‘लेटी लिंटन’च्या खटल्यात एमजीएमसारख्या बलाढ्य स्टुडिओच्या हिशेबाच्या वह्या न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे उघडाव्या लागल्या आणि नफा सेंटपर्यंत मोजला गेला. इथल्या लेखक संघटनांनी आपली ताकद स्थगितीसाठी धावाधाव करण्यात घालवण्यापेक्षा या वह्या उघडायला लावण्यासाठी वापरावी: दावा दाखल झाल्याबरोबर वितरणाचे आणि ओटीटी-विक्रीचे करार न्यायालयापुढे यावेत, स्वतंत्र लेखापाल नेमला जावा आणि त्याचा खर्च निर्मात्याने भरावा, हा नियम मागून घ्यावा. निर्माते त्याला स्थगितीपेक्षाही कडवा विरोध करतील. स्थगिती काही दिवसांत उठते, उघडलेली वही पुन्हा मिटता येत नाही.